परतीची तारीख

(धाराशिव जिल्ह्यातील अखंड हरिनाम सप्ताहातील कीर्तन, ध्वनिमुद्रणावरून)

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!

सज्जनहो, माऊलींनो, भजन फार गोड झालं. टाळकऱ्यांनी आणि पखवाजवाल्या लेकराने जीव ओतला. आता थोडा वेळ शांत बसून ऐका. आजचा विषय ऐकून काहीजण हसतील. म्हणतील, महाराज आज पोथी घरी विसरले काय? कारण आज मी पासपोर्टवर बोलणार आहे. पासपोर्ट, व्हिसा, विमानतळावरचा शिक्का आणि परतीची तारीख.

का बोलणार, ते सांगतो. काल मी याच मंडपात विचारलं, कुणाकुणाची लेकरं परदेशात आहेत? मला वाटलं, दोन-चार हात वर होतील. पण मागच्या रांगेपर्यंत हात वर झाले. कुणाचा मुलगा अमेरिकेत, कुणाची लेक लंडनला, कुणाचा नातू जर्मनीत शिकायला. पंचवीस वर्षांपूर्वी याच गावात मी कीर्तन केलं, तेव्हा पुण्याला गेलेलं पोरगं म्हणजे लांब गेलेलं पोरगं होतं. आता आपली माणसं समुद्रापलीकडे आहेत आणि त्यांचे आई-बाप, म्हणजे तुम्ही, वर्षाआड त्यांच्याकडे जाताय. जाणं सगळ्यांना कळतं, बरं का. जाताना गावजेवण होतं, नारळ फुटतो, एस.टी. स्टँडपर्यंत वीस माणसं पोचवायला येतात. परत कसं निघायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून आज मी सांगणार आहे.

आणि नाका ही काही आपल्याला नवी गोष्ट नाही. हा आपला मुलूख निजामाचा होता. बार्शी आणि सोलापूर इंग्रजांकडे, आपण हैदराबाद संस्थानात. हद्दीवर करोडगिरीचा नाका असायचा. करोडगिरी म्हणजे निजामाचं जकात खातं. माल घेऊन हद्द ओलांडायची तर तिथं थांबायचं, गाठोडं सोडायचं, जकात भरायची आणि पावती घ्यायची. पंढरपूरसुद्धा इंग्रजांच्या हद्दीत. म्हणजे आपले आजे-पणजे वारीला निघाले की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होते, आणि काला झाला की परत आपल्या राज्यात येत होते. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, पुढं ती हद्द पुसली. पण हद्द, नाका आणि पावती हे तीन शब्द आपल्या रक्तात आहेत. म्हणून घाबरायचं काही कारण नाही. फक्त समजून घ्यायचं.

विठ्ठल! विठ्ठल!

आता एक गोष्ट ऐका. घडलेली आहे. आपल्याच जिल्ह्यातलं जोडपं. नाव सांगत नाही, गाव विचारू नका. आपण त्यांना आण्णा आणि बाई म्हणू. आण्णा माळकरी, पंढरीची वारी चुकवली नाही. मुलगा न्यू जर्सीत नोकरीला. सून बाळंत झाली होती, नातू झाला होता. मुलाने व्हिसा काढला. मुंबईला जाऊन मुलाखत झाली, दहा वर्षांचा व्हिसा मिळाला. आण्णांनी तो गावभर दाखवला. "दहा वर्षं! दहा वर्षं आता आपल्याला कुणी हलवत नाही!"

३ मार्च २०२३ ला निघाले. त्या दिवशी फाल्गुन शुद्ध एकादशी. आण्णांचा उपवास विमानात. हवाईसुंदरी जेवणाचं ताट घेऊन येते, आण्णा हात जोडतात. बाईंनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढला, दोघांनी खाल्ला. दुसऱ्या दिवशी, ४ मार्चला, द्वादशीला उतरले. तिथल्या अधिकाऱ्याने काचेतून दोन प्रश्न विचारले, बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला आणि जा म्हणाला. नातवाला मांडीवर घेतला, पारणं फिटलं.

आता इथं नीट ऐका, कारण सगळी मेख इथं आहे. व्हिसा दहा वर्षांचा म्हणजे काय? दहा वर्षांत त्या दारापर्यंत यायची परवानगी. दारात आल्यावर आत किती दिवस राहायचं, हे दारातला अधिकारी ठरवतो. अमेरिकेला पाहुणा म्हणून जाणाऱ्याला बहुतेक वेळा सहा महिने मिळतात. त्या नोंदीला म्हणतात आय-९४. पूर्वी हे पांढरं कार्ड असायचं. अर्धा भाग पासपोर्टला टाचून द्यायचे आणि परत निघताना तो विमान कंपनीच्या माणसाकडे द्यावा लागायचा. देणं राहिलं, तर सरकारच्या दप्तरात माणूस गेलाच नाही! माणूस इकडं घरी येऊन भाकरी खातोय आणि तिकडं कागद म्हणतोय, हा अजून इथंच आहे. मग टपालाने ते कार्ड आणि निघाल्याचा पुरावा पाठवत बसायचं. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांसाठी ते कार्ड संगणकात गेलं. आता हातात काही देत नाहीत. पासपोर्टवर कधी शिक्का मारून तारीख लिहितात, कधी मारतही नाहीत. पण तारीख असते. ती तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावर पासपोर्ट नंबर टाकला की दिसते. फुकट दिसते.

आण्णांची तारीख होती ३ सप्टेंबर.

पण आण्णांनी ती बघितलीच नव्हती. मुलगा कामाच्या रगाड्यात. आण्णांना एवढंच ठाऊक, सहा महिने. आणि सहा महिने कसे मोजायचे? आण्णांनी मोजले पंचांगाने! फाल्गुन शुद्ध द्वादशीला आलो. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद. भाद्रपद शुद्ध द्वादशीला सहा महिने. आणि त्या वर्षी काय होतं? आठवतंय का? अधिक श्रावण होता! १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत अधिक मास. आण्णांनी काय केलं, तो महिना हिशेबातच धरला नाही. "अधिकाचा महिना देवाचा, तो कुठं मोजायचा!" म्हणजे त्यांचे सहा महिने कुठं गेले? सप्टेंबरच्या शेवटाला. मुलाला सांगून ठेवलं, "गणपती इथंच बसवू, नातवाचा पहिला वाढदिवस करू, अनंत चतुर्दशीला विसर्जन करू आणि २९ तारखेला निघू. तिकीट काढ." मुलाने काढलं.

माऊली, अमेरिकेच्या पंचांगात अधिक मास नसतो!

ऑगस्टच्या मध्यावर सुनेच्या लक्षात आलं. ती पोर हुशार, कागदाची नीट. तिने सहज ते संकेतस्थळ उघडलं आणि गप्प झाली. संध्याकाळी सासऱ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मामा, तुमची मुदत तीन सप्टेंबरला संपायलीय. तिकीट एकोणतीसचं आहे."

आण्णा म्हणाले, "व्हिसा तर दहा वर्षांचा हाय की."

"व्हिसा दहा वर्षांचा, मामा. राहायची परवानगी तीन तारखेपर्यंत."

"मग सव्वीस दिवसांनं काय होतंय? मी काय चोरी करायलोय का? लेकाच्या घरी हाय."

त्यात बागेत फिरायला येणारे एक गृहस्थ भेटले होते. ते म्हणाले होते, "काळजी करू नका काका, इथं जाताना कुणी विचारत नाही." आणि माऊली, हे खरं आहे. अर्धं खरं आहे. आपल्या मुंबईच्या विमानतळावर निघताना अधिकारी पासपोर्ट बघतो, शिक्का मारतो. अमेरिकेत विमानतळावरून निघताना तसा शिक्का मारणारा काउंटर नाही. विमान कंपनीच पासपोर्ट वाचते आणि कोण निघालं, कोणत्या दिवशी निघालं, ही यादी सरकारला पाठवते. म्हणजे जाताना कुणी अडवत नाही, कुणी रागावत नाही. हसून म्हणतात, सुखाचा प्रवास. पण नोंद होते. आणि ती नोंद तुमच्यासमोर कधी येते? पुढच्या वेळी दारात उभे राहता तेव्हा!

सुनेने सासऱ्याला कायदा सांगितला. तो मी तुम्हाला सांगतो, लक्षात ठेवा. दिलेल्या तारखेपेक्षा एक दिवस जरी जास्त राहिलात, तरी ज्या व्हिसावर आलात तो व्हिसा बाद होतो. दहा वर्षांचा असो की किती वर्षांचा असो. नवा काढावा लागतो, तोही आपल्या देशात परत येऊन, आणि तिथं पहिला प्रश्न हाच, मागच्या वेळी मुदत का ओलांडली? एकशे ऐंशी दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून निघालात, तर तीन वर्षं दार बंद. एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलात, तर दहा वर्षं. साठी-सत्तरीच्या माणसाला दहा वर्षं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. नातू शाळेत जाईल, मिसरूड फुटेल, आणि आजोबा त्याला मोबाईलच्या काचेतच बघतील.

आण्णा रात्रभर झोपले नाहीत. एका बाजूला नातवाचा पहिला वाढदिवस, जवळ आलेला गणपती, मुलाने आणलेली मूर्ती. दुसऱ्या बाजूला एक तारीख. मनात येतं, कोण बघतंय? सव्वीस तर दिवस! पहाटे बाई उठून बसल्या. त्या शिकलेल्या नाहीत, अंगठा करतात. त्यांनी काय म्हणावं? त्या म्हणाल्या, "आवो, दुसऱ्याच्या घरी पाव्हणं म्हणून आलाव. घरधन्यानं सांगितलेल्या दिवशी उठावं. म्हंजी पुन्यांदा बोलावतो."

संपलं! सगळा कायदा त्या माऊलीने दोन वाक्यांत सांगितला.

तिकीट बदललं. बदलायचे पैसे पडले. १ सप्टेंबरला निघाले. विमानतळावर नातू कडेवरून उतरेना. बाई रडल्या, आण्णा रडले, मुलगा तोंड फिरवून उभा राहिला. गणपती गावातच बसला. वाढदिवस मोबाईलवर झाला, आण्णांनी इकडं घरी ताटात दिवा लावून नातवाला ओवाळलं. कुणी म्हणेल, काय मिळालं? ऐका. पुढच्या वर्षी त्याच व्हिसावर दोघं पुन्हा गेले. दारातल्या अधिकाऱ्याने संगणकात बघितलं, मागच्या वेळी मुदतीच्या आत गेलेले दिसले, आणि पुन्हा सहा महिने दिले. आण्णांनी मला पारावर बसून हे सांगितलं आणि म्हणाले, "महाराज, कीर्तनात सांगा. माझं नाव घेऊ नका, पण सांगा."

विठ्ठल! विठ्ठल!

आता गोष्ट झाली, कामाचं सांगतो. ज्यांना जायचंय त्यांनी मनात गाठ मारून ठेवा.

पोचल्याच्या आठवड्यात आपली तारीख लेकाकडून काढून घ्या. कागदावर मोठ्या अक्षरात छापून घ्या आणि जिथं देवाचा फोटो ठेवाल तिथंच चिकटवा. नाव बरोबर आहे का तेही बघा. आपल्याकडं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असा क्रम. तिथं उलटापालट होते. चूक असेल तर लगेच दुरुस्त करून घ्यायची, निघायच्या दिवशी नाही. आपल्या जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं. जुन्या पासपोर्टवर उस्मानाबाद असेल. अभिमान मनात ठेवा, पण अर्जात पासपोर्टवर छापलंय तेच लिहा.

तिकीट मुदतीच्या शेवटच्या दिवसाचं काढू नका. चार-आठ दिवस आधीचं काढा. विमान रद्द होतं, बर्फ पडतो, ताप येतो.

खरंच आजारपण आलं, दवाखाना लागला, तर मुदत वाढवून मागता येते. पण अर्ज मुदत संपायच्या आत करायचा. तिथलं खातं सांगतं, पंचेचाळीस दिवस आधी करा. फी लागते, कारण लेखी द्यावं लागतं, आणि मंजूर होईलच असं नाही. कायद्यात दार आहे, त्या दारातून जा. भिंतीवरून उडी मारू नका.

पासपोर्टची मुदत जायच्या आधी बघा. नवा पासपोर्ट काढला आणि व्हिसा जुन्यात असेल, तर दोन्ही सोबत ठेवा. परत निघताना ज्या पासपोर्टवर आत गेलात, त्याचीच नोंद विमान कंपनीकडे होतेय ना, ते बघा. बोर्डिंग पास, ती विमानात चढायची चिठ्ठी, घरी आल्यावर फेकू नका. मुंबईत उतरल्यावर आपला अधिकारी जो शिक्का मारतो, तो नीट उमटला का बघा. कधी तिकडं नोंद चुकली, तर मी या दिवशी माझ्या देशात होतो, याचा तोच पुरावा.

आणि आपल्याकडचं सांगतो. पूर्वी भारतातून निघताना प्रत्येकाला एक फॉर्म भरावा लागायचा. विमानतळावर म्हातारी माणसं पेन मागत हिंडायची. "बाळा, एवढं भरून दे रे." तो फॉर्म विमानतळांवर जुलै २०१७ पासून बंद झाला. परत येणाऱ्या भारतीयांचा फॉर्म त्याआधीच, २०१४ मध्ये गेला. तेव्हा आता कुणी सांगितलं की फॉर्म भरून देतो, दोनशे रुपये द्या, तर देऊ नका.

देवाला जातानासुद्धा हेच आहे, बरं का. पशुपतिनाथाला नेपाळला जाताना व्हिसा लागत नाही, पण विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. कैलास-मानसरोवरला जाणाऱ्यांचा व्हिसा गटाचा असतो. एकच यादी, त्या यादीतल्या सगळ्यांनी एकत्र आत जायचं आणि एकत्रच बाहेर पडायचं. ही तर आपली दिंडीच झाली! दिंडीतला एक माणूस मागं राहिला तर सगळी दिंडी थांबते. आणि पंजाबात आपले नामदेवराय जिथं राहिले, ते घुमान गुरदासपूर जिल्ह्यात. त्याच जिल्ह्यातल्या डेरा बाबा नानकपासून पाकिस्तानातल्या कर्तारपूरला जायचा मार्ग ९ नोव्हेंबर २०१९ ला उघडला. तेव्हा नियम काय होता? व्हिसा नको, पासपोर्ट सोबत ठेवा, सकाळी जा, दर्शन घ्या, लंगरचा प्रसाद घ्या आणि त्याच दिवशी संध्याकाळी परत या. कितीही भाव दाटून आला तरी रात्र काढायची नाही. भाव मोठाच, पण तारीखही पाळायची.

कुणी म्हणेल, महाराज, परमार्थात हा कागदांचा पसारा कशाला? देव काय कागद बघतो? ऐका. आपल्या तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. ज्ञानदेव, निवृत्तिनाथ, सोपानदेव, मुक्ताबाई, नामदेवराय. मुक्ताबाईंनी कोपऱ्यातलं थापटणं बघितलं. विचारलं, काका, हे कशासाठी? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं, हे यानं कळतं. मग या मडक्यांचीही परीक्षा करा की! काकांनी थापटणं उचललं आणि एकेका संताच्या डोक्यावर मारत निघाले. सगळे शांत बसले. नामदेवरायांची पाळी आली आणि ते चिडले, कुरकुरले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं आहे.

आता विचार करा. नामदेवराय कोण? ज्यांच्या हातचा नैवेद्य प्रत्यक्ष पांडुरंगाने खाल्ला. देवाशी रोजचं बोलणं, रोजची सलगी. त्यांच्याएवढी ओळख कुणाची होती? पण नाक्यावर ओळख चालली नाही. गुरूची मोहोर नव्हती. नामदेवराय रडत पांडुरंगाकडे गेले, तर पांडुरंगसुद्धा म्हणाले नाहीत की बस, मी सांगतो काकांना. देवाने वशिला लावला नाही! देव म्हणाले, विसोबा खेचरांकडे जा. आणि नामदेवराय गेले. यात त्यांचा मोठेपणा आहे. त्यांनी वाद घातला नाही की मी देवाचा लाडका, मला कसला नियम. रीतसर गेले, शिष्य झाले, पक्के झाले, आणि मग पंजाबपर्यंत गेले. त्यांची पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आहेत. ज्याने नियम मानला, त्याला हद्द उरली नाही.

म्हणून काचेमागचा अधिकारी डोक्यावर थापटणं मारील, म्हणजे चार प्रश्न विचारील, तेव्हा चिडू नका. किती दिवस राहणार? कुणाकडे? परत कधी? खरं सांगा, थोडं सांगा. ज्याचं आत सगळं सरळ आहे, तो कुरकुरत नाही.

आणि आपल्या तुळजापूरची जगदंबा बघा. ती विश्वाची माता, तिला कोण तारीख देणार? पण दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की ती पलंगावर श्रमनिद्रेला जाते आणि पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. निजायची तिथी ठरलेली, उठायची तिथी ठरलेली. पौर्णिमेला कुणी म्हणत नाही, आई अजून दमलीय, दोन दिवस राहू द्या. आई स्वतः तिथी पाळते आणि तिची लेकरं म्हणतात, सव्वीस दिवसांनी काय होतंय!

विठ्ठल! विठ्ठल!

आता शेवटाकडे येतो. इतका वेळ अमेरिकेचं बोललो, पण तुमच्यातल्या अर्ध्या माणसांना कधी विमानात बसायचं नाही. त्यांनी काय घ्यायचं? माऊली, आपण सगळेच इथं पाहुणे आहोत. आलो त्या दिवशी आपली नोंद झाली. जन्माचा दाखला आहे. राहायची मुदतही कुणीतरी लिहून ठेवलीय. आण्णांना त्यांची तारीख सुनेने काढून दाखवली. आपल्याला दाखवणारं संकेतस्थळ नाही. एवढाच फरक.

आणि मघाशी मी काय सांगितलं? अमेरिकेतून निघताना तुम्ही स्वतः नोंद करत नाही, विमान कंपनी यादी देते. इथंही तसंच आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. मृत्यू झाला की २१ दिवसांत ग्रामपंचायतीत नोंद करायची. कोण करतं? गेलेला माणूस करतो का? आपल्या जाण्याची नोंद आपल्याला करता येत नाही, मागच्यांना करावी लागते. पण मागच्यांचं काम सोपं करून जायचं की अवघड करून जायचं, हे आपल्या हातात आहे.

मी या जिल्ह्यात चाळीस वर्षं दशक्रियेची प्रवचनं केली. काय बघितलं सांगू? बाप गेला. दहाव्याला कावळा शिवेना. सगळे म्हणतात, काहीतरी इच्छा राहिली. आणि मी मंडपात बघतो, दोन भाऊ दोन टोकांना बसलेत. सातबाऱ्यावर अजून आजोबाचं नाव. बापाने वारसनोंद कधी लावली नाही. तोंडी वाटणी करून दिली, कागद नाही. बँकेच्या खात्याला वारसाचं नाव नाही. सोसायटीचं कर्ज किती, कुणाला ठाऊक नाही. बहिणीला काय द्यायचं, बोललेलं नाही. बाप चांगला होता, माळकरी होता, गावात मान होता. पण बाप परतीची तयारी न करता राहिला. त्याला वाटलं, सव्वीस दिवस तर अजून आहेत. आणि दोन सख्खे भाऊ बांधावरून वीस वर्षं कोर्टात. कावळ्याला दोष देऊ नका. कावळा बिचारा काय करील!

म्हणून घरी गेल्यावर म्हाताऱ्या माणसांनी, आणि मीही त्यातच आलो, एक काम करा. सातबारा काढून बघा. वाडवडिलांची फेरफार नोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे अर्ज द्या. बँकेत आणि पोस्टात वारसाचं नाव आहे का बघा. मृत्युपत्र करायचं तर शुद्धीवर असताना, दोन साक्षीदारांसमोर करा. लेकीला बोलवा, लेकांना बोलवा, सगळ्यांसमोर बोला. कुणाचं देणं असेल ते वहीत लिहा. कुणाशी वर्षानुवर्षं अबोला असेल, त्याच्या दारात जाऊन पाणी मागा. हीच आपली आय-९४. आणि रोज नाम घ्या. बाकीचे कागद मागच्यांच्या कामाला येतील. नाम तेवढं आपल्याबरोबर येईल.

वारकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. आषाढीला पंढरीला जातो, चंद्रभागेत नाहतो, कळसाचं दर्शन घेतो. पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो. काला झाल्याशिवाय वारकरी निघत नाही आणि काला झाल्यावर राहत नाही. पाय निघत नाही, डोळे भरून येतात, मागं वळून कळस बघतो, पण निघतो. घरी पेरणी झालेली असते, गुरं वाट बघत असतात. आणि निघताना देवाला सांगतो, पुढच्या वर्षी येतो. वेळेवर निघणाऱ्यालाच ते म्हणता येतं.

आण्णांच्या नातवालाही आजोबा तेच सांगून निघाले होते. आणि ते पुढच्या वर्षी गेले.

उद्या सकाळी याच मंडपात काल्याचं कीर्तन आहे. दह्याहंडीला लेकराबाळांना घेऊन या, प्रसाद घेतल्याशिवाय कुणी जाऊ नका.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! संत गोरोबाकाका महाराज की जय! आई राजा उदो उदो!